खेळ अर्धा मोडायचा नाही

वाहूळबाई खेळात हरल्या की रुसायच्या. मुलांना बरं वाटावं म्हणून मोठी माणसं खोटं खोटं रुसतात, तसलं नाही. खरंच रुसायच्या. तीन-साडेतीन वर्षांच्या लेकरांबरोबर संगीत खुर्ची खेळताना खुर्ची हुकली की खिडकीपाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि डाव संपेपर्यंत कुणाशी बोलायच्या नाहीत. मी शाळेत नवी होते तेव्हा मला वाटलं, बाईंना बरं नाही. पाणी घेऊन गेले तर म्हणाल्या, "पाणी कशाला? त्या बारक्यानं ढकललं मला. रडीचा डाव खेळतंय लेकरू."

तो बारका खुर्चीवर ताठ बसून त्यांच्याकडे बघत होता. मोठ्या माणसाला आपण खरंखुरं हरवलंय, हे त्याला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. घरी सगळे त्याला मुद्दाम जिंकू देत असणार.

आमची बालवाडी चिकलठाण्याच्या अलीकडं, जालना रोडपासून आत, कंपनीत जाणाऱ्या लोकांच्या वसाहतीत. दोन खोल्या, पत्र्याचा व्हरांडा, एक कडुलिंब आणि वाळूचा हौद. जवळच्या विमानतळावर विमान उतरायला लागलं की शिकवणं थांबायचं, कारण सगळी पोरं व्हरांड्यात पळायची. लहान गट वाहूळबाईंकडे, मोठा माझ्याकडे. मधे एक पार्टिशन होतं, त्यामुळं त्यांच्या वर्गात काय चाललंय ते मला दिवसभर ऐकू यायचं.

त्या मूळच्या सोयगावकडच्या. लग्नानंतर इथं आल्या, बालवाडीचा कोर्स केला, नवरा लवकर गेला, एकुलती मुलगी स्मिता एकटीनं वाढवली. उंच, काटक बाई. साडीचा पदर कायम कमरेला खोचलेला आणि आवाज असा, की गेटवरच्या रिक्षावाल्यालाही त्यांचं म्हणणं कळावं. त्यांच्या पर्समधे बाटल्यांची झाकणं, चिंचोके, तुटक्या बांगड्या, रिकामी रिळं असायची. चालताना पर्स खुळखुळायची. भाजीवाल्याला सुटे पैसे देताना आधी दोन झाकणं बाहेर यायची.

खेळाला त्या खेळ म्हणत नसत, काम म्हणत. एकदा आमच्या मोठ्या मॅडम फोन घेऊन वर्गात आल्या. पालकांच्या ग्रुपवर टाकायला फोटो हवे होते. आफरीन नावाची मुलगी कोपऱ्यात बसून एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतत होती, दुसऱ्यातलं परत पहिल्यात. फ्रॉक भिजला होता. मॅडम म्हणाल्या, "आफरीन, इकडं बघ बेटा." वाहूळबाई दोन्ही हात पसरून मधे उभ्या राहिल्या.

"थांबा मॅडम. लेकरू कामात हाय."

"अहो, एक फोटो फक्त."

"तुमी हिशोब करायला बसलात आन् मी येऊन तुमची मान फिरवली, तर चालंल का? तिचा अंदाज चाललाय. सांडंल का नाय सांडणार, ते बघायलीय ती."

मॅडम फोटो न काढता गेल्या. नंतर मला म्हणाल्या, "ह्या बाईंना जरा समजवा." पण वाहूळबाईंना समजावणं कुणाला जमलं नव्हतं. पालकांशी त्या फार वाईट बोलायच्या, हेही सांगितलं पाहिजे. एका मुलाचे वडील कोरी वही घेऊन आले होते. मोठ्या भावाला या वयात शंभरपर्यंत आकडे यायचे, आमचा हा नुसती माती घरी आणतो, असं त्यांचं म्हणणं. साधा, दमलेला माणूस होता, रात्रपाळी करून आलेला. चार शब्द नीट बोलल्या असत्या तर कदाचित ऐकलंही असतं त्यानं.

वाहूळबाई म्हणाल्या, "पेन्सिल धरायला बोटात जोर लागतो. तो मातीतून येतो. नसंल पटत तर न्या."

त्यानं नेलं. पुढच्याच आठवड्यात तो मुलगा टाय लावून पलीकडच्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनमधे बसताना दिसला. वाहूळबाई गेटवर होत्या. व्हॅन जाईपर्यंत बघत राहिल्या. मग आत येऊन वाळूच्या हौदावर पाणी शिंपडायला लागल्या. "चांगला पूल बांधायचं ते," एवढंच म्हणाल्या.

त्यांचा दुसरा नियम असा, की खेळ अर्धा मोडायचा नाही. घंटा झाली, डबे उघडायची वेळ झाली, बाहेर रिक्षा उभी राहिली, तरी चाललेला डाव पुरा झाल्याशिवाय त्या मुलांना उठवत नसत. "अर्ध्यातून उठवलं तर उरलेला खेळ लेकराच्या पोटात राहतो," म्हणायच्या. रिक्षावाले हॉर्न वाजवून थकायचे.

स्मिता गेली ते पावसाळा संपतानाचे दिवस होते. साधा ताप म्हणून गोळ्या घेतल्या. मग दवाखान्यात नेलं, मग मोठ्या दवाखान्यात. डेंगी होता. तिचा नवरा प्रमोद शेंद्र्याला कंपनीत होता, तो तसाच युनिफॉर्मवर दवाखान्यात बसलेला मला आठवतो. त्यांचा मुलगा सम्यक तेव्हा चार वर्षांचा व्हायचा होता. आईला अँब्युलन्समधे चढवताना त्यानं पाहिलं, आणि नंतर एकदम अंगणात ठेवलेली पाहिली. पांढऱ्या कापडात. उशाशी मेणबत्त्या होत्या, पांढरे कपडे घातलेली माणसं बुद्धवंदना म्हणत होती. कुणीतरी त्याला उचलून आत नेलं, बिस्किट दिलं. तो बिस्किट हातात धरून दारात येऊन परत उभा राहिला.

मी वाहूळबाईंच्या शेजारी बसले होते. त्या रडल्या नाहीत. बायका त्यांना हलवून हलवून म्हणत होत्या, रडा, मोकळ्या व्हा. त्या प्रत्येकीकडे बघून मान हलवायच्या, जणू ती काहीतरी बरोबर सांगतेय.

थोड्याच दिवसांत त्या शाळेत आल्या. सम्यकला बरोबर घेऊन आल्या, कारण प्रमोद कामावर गेल्यावर त्याला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. त्याला त्यांच्याच गटात बसवलं. तो भिंतीला टेकून बूट घालून बसायचा. बूट काढू द्यायचा नाही. बोललं तर ऐकायचा, उत्तर द्यायचा नाही.

आणि वाहूळबाई शिकवत होत्या. पदर खोचलेला, पर्स खुळखुळणारी. पार्टिशनच्या पलीकडून सगळं पहिल्यासारखंच ऐकू यायचं. पण एकदा मी डोकावले तर संगीत खुर्ची चालली होती आणि त्यांची खुर्ची हुकली. ज्या मुलीनं पटकावली ती टाळ्या पिटत त्यांच्या तोंडाकडे बघत होती. वाहूळबाई म्हणाल्या, "बरं," आणि बाजूला उभ्या राहिल्या. मुलीच्या टाळ्या थांबल्या. त्यानंतर मुलं त्यांना खेळायला बोलवेनाशी झाली. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना काही. त्यांचं त्यांनाच कळलं, की या बाईला हरवण्यात आता काही नाही.

मला वाटतं, दिवाळीची सुट्टी संपल्यावरची गोष्ट. सकाळी पार्टिशनपलीकडून एकदम सायरनसारखा आवाज आला. मी गेले. सम्यक उठला होता. त्यानं बाहुल्यांच्या कोपऱ्यातली मोठी बाहुली सतरंजीवर आडवी ठेवली होती, तिच्यावर डोक्यापर्यंत रुमाल टाकला होता. उशाशी पांढरा खडू उभा करायचा प्रयत्न चालला होता. खडू सारखा पडत होता. शेवटी त्यानं ओल्या मातीचा गोळा आणून त्यात खडू रोवला. मग बाकीच्या मुलांना म्हणाला, "तुम्ही इथं बसा. रडा."

कितीतरी दिवसांनी तो बोलत होता. मुलं आनंदानं बसली आणि मोठमोठ्यानं रडायला लागली. चार वर्षांच्या मुलांना रडायला सांगितल्यावर आणखी काय हवं असतं?

मदतनीस लताताई धावल्या. "अगं बाई, हे काय अभद्र! उचला ती बाहुली." मीही पुढं झाले. माझ्या हातात चेंडू होता, त्याचं लक्ष वळवावं म्हणून.

"हात नका लावू," वाहूळबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. त्या भिंतीपाशी उभ्या होत्या, जिथं इतके दिवस सम्यक बसायचा, तिथंच.

हा खेळ रोज सुरू झाला. सम्यक आला की आधी खडू शोधायचा. पण बाहुली त्याला पुरेना. रुमाल टाकला की ती पूर्ण दिसेनाशी व्हायची, लहान वाटायची. एक दिवस त्यानं ती फेकून दिली आणि वाहूळबाईंची साडी ओढली.

"आजी, तू झोप."

"कुठं?"

"इथं. तू आई हो."

लताताई तोंडावर हात ठेवून बाहेर गेल्या. वाहूळबाई सतरंजीवर उताण्या झोपल्या. पाय जुळवले, हात सरळ ठेवले. सम्यकनं व्हरांड्यातून कुणाची तरी ओढणी आणली आणि पायापासून डोक्यापर्यंत त्यांच्यावर पसरली. खूप काळजीनं पसरली, कोपरे ओढून ओढून.

"बोलायचं नाही," त्यानं बजावलं. "हसायचं नाही."

ओढणी जराही हलली नाही.

मी एकदा विचारलं त्यांना. डबा खाताना. त्या उभ्यानंच डबा खायच्या, ती सवय जुनी. म्हटलं, "बाई, रोज असं पडून राहता, तुम्हाला काय वाटत असेल?"

"काय नाय वाटत, सुनंदा," त्या म्हणाल्या. घास चावून झाल्यावर पुढं बोलल्या. "खरं सांगू का, बरं पडतं. वरून ओढणी असती. तोंड कुणाला दिसत नाय. कशा आहात म्हणून कुणी विचारत नाय. तेवढा येळ मी कुणीच नसते."

"पण त्याला त्रास होत असेल ना?"

"व्हतोय ना. पण त्यालाच ठरवू दे किती सोसायचं ते. तिकडं अंगणात त्याच्या हातात काय होतं? बिस्किट. इथं तो सांगंल तवा रडायचं, तो सांगंल तवा उचलायचं." मग डबा बंद करत म्हणाल्या, "मला तर एवढंबी जमंना."

एवढंच बोलणं झालं आमचं त्याबद्दल.

बाहेर मात्र बोलणं वाढलं. एका आईनं खिडकीतून पाहिलं. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, शाळेत मयताचा खेळ शिकवतात. मॅडमनी पालकांना बोलावलं. वर्गातल्या छोट्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसली होती. एक जण म्हणाले, बाईंचं दुःख आम्हाला समजतं, पण आमच्या मुलांनी का म्हणून रोज रडायचं? दुसरी म्हणाली, माझी मुलगी घरी येऊन आजोबांच्या अंगावर चादर टाकते. त्यावर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

मॅडम वाईट नव्हत्या. त्या वाहूळबाईंना म्हणाल्या, "तुम्ही थोडे दिवस रजा घ्या. सम्यकलाही घरी राहू द्या. बरं वाटलं की या."

वाहूळबाई उभ्या होत्या. एरवी त्यांनी चारचौघांत मॅडमना दोन शब्द सुनावले असते. मी त्याचीच वाट बघत होते. त्या सपाट आवाजात म्हणाल्या, "मला काढायचं तर काढा. पण त्याचा खेळ अर्धा राहिलाय. तो पुरा झाला की जाईन मी."

"कधी पुरा होणार?"

"मला काय माहीत? माझा थोडाच हाय."

मग मागून आफरीनची आई बोलली. बुरख्यातली बारीकशी बाई, मीटिंगला येऊन कधी तोंड न उघडणारी. "हमारे ससुर गये ना मॅडम, तो हमारी बच्ची बी ऐसाच खेली घर में. गुड्डी को सुलाना, चादर डालना. मैं मारी उसको. तब से वो खेलीच नै, बस चुप बैठती थी. इधर आके पानी में खेलने लगी तो बोलने लगी." तिनं वाहूळबाईंकडे पाहिलं. "खेलने दो बच्चे को."

सगळ्यांना पटलं असं नाही. दोन मुलं शाळेतून गेली. मॅडमनी एवढंच सांगितलं, की खिडकीला पडदा लावा. पडदा लागला.

खेळ मात्र बदलत होता. एकसारखा दिसायचा म्हणून आधी आमच्या लक्षात आलं नाही. एक दिवस सम्यकनं रडणाऱ्या मुलांना मधेच थांबवून चहा दिला, भातुकलीच्या कपातून. एक दिवस आफरीन म्हणाली, "हमारे घर में सब को खाना भी देते," तर त्यानं सगळ्यांना जेवायला बसवलं, वाळूचा भात वाढला. मयत बाजूला तशीच. एकदा तो डॉक्टर झाला आणि ओढणी टाकायच्या आधी त्यानं आजीला खूप सुया टोचल्या. इतक्या की थकला. मग बसून राहिला आणि स्वतःशीच म्हणाला, "औषधच संपलं." बूट कधीतरी काढले होते त्यानं. कधी ते आम्हाला कुणालाच सांगता आलं नसतं.

थंडी संपत आली होती. मी त्या दिवशी त्यांच्याच वर्गात होते, कात्री मागायला गेले होते. वाहूळबाई सतरंजीवर होत्या. सम्यकनं ओढणी आणली, पायापासून पसरत वर आला आणि गळ्यापाशी थांबला. तोंड झाकलं नाही. मुलं रडायची वाट बघत बसली होती. तो आजीच्या तोंडाशी वाकला.

"आजी, आई उठत नाही ना?"

बोलायचं नाही असा नियम होता, आणि वाहूळबाई नियम मोडणाऱ्यातल्या नव्हत्या. डोळे मिटलेले होते.

"नाय," त्या म्हणाल्या.

"कधीच?"

"कधीच नाय."

सम्यक उकिडवा बसून विचार करत होता. त्यानं त्यांच्या कपाळावरचा एक केस बाजूला केला, तो परत तिथंच आला. मुलांपैकी एकानं विचारलं, "आता रडू का?"

"नको," सम्यक म्हणाला. मग आजीला म्हणाला, "तू उठ. मला डबा खायचाय."

वाहूळबाई उठल्या. ओढणीची नीट घडी केली. त्याचा डबा उघडून दिला, त्यात पोळीचा लाडू होता. मग त्या पाण्याच्या टाकीपाशी गेल्या आणि नळ सोडून नुसत्या उभ्या राहिल्या, पाणी हातावरून वाहत होतं. मी जाऊन नळ बंद केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सम्यक वाळूच्या हौदात गेला आणि तिथंच रमला. मयताचा खेळ परत झाला नाही. बाकीच्या मुलांनी एकदोनदा त्याला विचारलं, त्यानं खांदे उडवले. वाहूळबाई सतरंजी घालून थोडा वेळ बसल्या होत्या त्या सकाळी. त्यांना कुणी झोपायला सांगितलं नाही. मग त्यांनीच ती गुंडाळून ठेवली.

उन्हाळ्यात प्रमोदला पुण्याकडच्या कंपनीत काम मिळालं. त्याची आई आता गाव सोडून त्यांच्याबरोबर राहायला जाणार होती. सम्यक तिकडंच शाळेत जाणार. वाहूळबाईंनी त्यावर वाद घातला नाही. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "बापापाशी राहावं लेकरानं. बरोबर हाय ते." पुढं जूनमधे त्या शाळेत आल्याच नाहीत, सोयगावला भावाकडे राहायला गेल्या. फोन होतो अधूनमधून. भेट मात्र नाही. त्यामुळं त्यांचं शेवटचं दर्शन मला सम्यक निघाला त्या दिवसाचंच आहे.

मे महिन्यातली दुपार होती. सामानाचा टेम्पो गल्लीत उभा होता. मी निरोपाला गेले तेव्हा दोर बांधून झाले होते. सम्यक पुढच्या सीटवर बापाच्या आणि ड्रायव्हरच्या मधे बसला होता. ड्रायव्हरनं त्याला हॉर्न दाबू दिला होता, त्यामुळं त्याला दुसरं काही दिसत नव्हतं. वाहूळबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी हात आत घालून त्याच्या डोक्यावर ठेवला. त्यानं मान हलवून तो झटकला आणि परत हॉर्न दाबला. प्रमोद म्हणाला, "आजीला बाय कर." त्यानं न बघताच बाय केलं.

टेम्पो निघाला. कोपऱ्यावर वळेपर्यंत हॉर्न वाजत होता. नंतर मोठ्या रस्त्याच्या आवाजात तो कुठला ते कळेना.

मी म्हटलं, "चला बाई, आत चला." त्यांना ऐकू गेलं नसावं. टेम्पो उभा होता त्या जागी त्या उभ्या होत्या. गल्ली रिकामी होती. एवढ्या उन्हात शेजारच्या दोघीतिघी मुली दोरी घेऊन बाहेर आल्या. मोठीनं दोरी फिरवायला सुरुवात केली, पण वाहूळबाई मधे होत्या.

"आजी, सरका ना थोडं."

त्या दोन पावलं सरकल्या. मुलगी उड्या मारायला लागली. चपला थपथप वाजत होत्या. वाहूळबाईंचं तिच्याकडे लक्ष होतं की नव्हतं, सांगता येत नाही. मुलगी मधेच थांबली, दोरी पायाशी पडली. ती वाहूळबाईंच्या पायांकडे बघत होती. घाईत त्या तशाच बाहेर आल्या होत्या. खाली तापलेलं डांबर होतं.

"आजी, चपला नाहीत तुमच्या पायात. भाजत नाही का?"

वाहूळबाईंनी खाली पाहिलं. आपल्याच पायांकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"भाजायलेत," त्या म्हणाल्या. "लई भाजायलेत गं."